आधी पाणी, मग गाडी

गाडी खाली व्हिजिटर पार्किंगमध्ये उभी आहे आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आतापर्यंत तिचे तीन फोटो येऊन गेलेत. पहिल्याखाली ‘ही कोणाची?’, दुसऱ्याखाली ‘अ‍ॅम्ब्युलन्स आहे का? कोण आजारी आहे?’ आणि तिसऱ्याखाली सेक्रेटरी काकांचे जोडलेले हात, सोबत ‘संबंधितांनी कृपया खुलासा करावा’. ग्रुपवर मी ‘आमची आहे, पुढच्या सोमवारी जाईल’ एवढंच टाकलं. सविस्तर खुलासा इथे.

ती टेम्पो ट्रॅव्हलर आहे, माझ्या नवऱ्याच्या मित्राची. आतल्या सगळ्या सीटा काढून त्याने चौघांच्या झोपण्याची सोय केलीय. छोटा ओटा, सिंक, फ्रिज, छपरावर सोलर पॅनल, 100 लिटरची पाण्याची टाकी आणि गोदरेजच्या कपाटाएवढं टॉयलेट. आरटीओत कॅम्पर म्हणून रीतसर नोंदलेली आहे. हे मुद्दाम सांगतेय, कारण आमच्या जुन्या ओम्नीच्या सीटा उपसून गादी टाकायचा बेत नवऱ्याने आधी केला होता. गाडीच्या मूळ बांधणीत आपल्या मनाने बदल करता येत नाही, त्यासाठी मोटार वाहन कायद्यात 52 वं कलम आहे, हे मी त्याला वाचून दाखवलं. दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

2021 साली राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हे खूळ त्याच्या डोक्यात आहे. भाड्याच्या कॅरॅव्हॅनची चौकशीही करून झाली. ज्यांच्याशी बोललो त्यांची गाडी ड्रायव्हरसकट येणार, डिझेल वेगळं, आणि ड्रायव्हरच्या जेवणाझोपण्याचं आपण बघायचं. चौघांच्या सहलीत पाचवा माणूस, तोही रात्री आठनंतर ‘मॅडम, आता कुठे झोपू?’ विचारणारा. नको म्हटलं. मग मित्र देवासारखा धावून आला आणि त्याने तीनच अटी घातल्या. डिझेल भरून परत करायची. पांढऱ्या गाद्यांवर चपला न्यायच्या नाहीत. आणि गाडीत मासे शिजवायचे नाहीत, कारण त्याच्या घरी कांदासुद्धा चतुर्मासात चालत नाही.

सहल मासे धरायची आहे, हे नवऱ्याने त्याला तिसरी अट ऐकल्यावर सांगितलं.

मी चेंदणी कोळीवाड्यातली. ज्यांना ठाणे म्हणजे फक्त स्टेशन आणि तलावपाळी माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते, 1853 साली बोरीबंदरहून पहिली रेल्वे ठाण्याला आली ती आमच्या कोळीवाड्याच्या अंगावरूनच. अर्धा वाडा पूर्वेला, अर्धा पश्चिमेला. बाबांचा जन्म पूर्वेचा, मीठबंदराच्या बाजूचा. लहानपणी आजोबांबरोबर होडी, पाग (हाताने फेकायचं जाळं), चिंबोऱ्या, बोई, कोलंबी सगळं केलेलं. मग खाडीत मासळी कमी होत गेली, आणि बाबा सत्तर साली वागळे इस्टेटीत एका कंपनीत लागले ते अठ्ठावन्नाव्या वर्षी बाहेर पडले. आता ते पंच्याहत्तरीला टेकलेत. मी लग्नानंतर घोडबंदर रोडला कासारवडवलीत. इथून खाडी दिसते ती इमारतींच्या फटीतून, तीही आमच्या नव्हे, शेजाऱ्यांच्या गच्चीतून.

मी एका खासगी फर्ममध्ये हिशेब बघते, त्यामुळे सहल ठरली तशी मी एक्सेल शीट उघडली. सात टॅब. गाडी, रस्ता, मुक्काम, किराणा, कपडे, औषधं, खर्च. रविवारी बाबा जेवायला आले तेव्हा लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावून सातही टॅब शांतपणे बघितले आणि म्हणाले, “बाय, ह्याच्यान पानी कुठं हाय?”

मी टाकीचा रकाना दाखवला. शंभर लिटर.

“त्यां नाय गो. नदीचां पानी. आदी पानी बघ, मंग गारी बघ.”

लेक माझा नववीत आहे. त्याने लगेच आठवा टॅब केला आणि नाव दिलं ‘पानी’, न नळातला.

मग त्या आठव्या टॅबने बाकीचे सात खाऊन टाकले.

नवऱ्याचा पहिला मनसुबा होता जुलैचा. हिरवंगार, धबधबे, व्हिडिओ छान येतात. बाबांनी तो जागच्या जागी मोडला. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात, ओढ्यात, शेतात, जिथे पाणी सापडेल तिथे. वलगण म्हणतात त्याला. लोक टोपल्या भरभरून वलगणीचे मासे आणतात आणि चवीने खातात, आम्हीही खाल्लेत. पण बाबा आता खात नाहीत. पोटातली अंडी बाहेर आली तर पुढच्या वर्षी मासे दिसतील, एवढा साधा त्यांचा हिशेब. शिवाय पावसाळ्यात नदीकाठी गाडी उभी करून झोपणं हे त्यांच्या मते शहरी शहाणपण. एप्रिल-मे उकाड्याने बाद. ऑक्टोबर शाळेच्या परीक्षेने. उरला हिवाळा. 31 डिसेंबर आणि 26 जानेवारी दोन्हीकडून लांब राहायचं होतं, कारण त्या दिवसांत नदीकाठच्या कॅम्पांवर स्पीकर इतके मोठे असतात की मासे काय, झाडावरचे कावळेसुद्धा जिल्हा सोडून जातात. म्हणून संक्रांतीनंतरचा शनिवार-रविवार. त्यात रविवारी अमावस्या. चांदण्यात गळाला मासा लागत नाही असं बाबांचं मत. ते नदीला लागू आहे का, हे त्यांनाही बघायचंय.

जागेचं जास्त रेंगाळलं. आम्हा ठाणेकरांना जवळचं पाणी म्हणजे बारवी, भातसा, तानसा. नवरा म्हणाला, धरणाच्या कडेला गाडी लावू, समोर अथांग पाणी, गळ टाकला की झालं. झालं काय, आपल्याकडे बऱ्याच जलाशयांत मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. बीज त्यांनी सोडलेलं, राखण त्यांची. तिथे काठी घेऊन उभं राहणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातून वांगी तोडणं. तानसा तर अभयारण्य. आणि जी धरणं आपल्याला पिण्याचं पाणी देतात त्यांच्या काठावर मुक्काम ठोकून भांडी विसळायची, ही कल्पना मला सहनच झाली नाही. आमच्या नळाला येतं ते पाणी.

असं करत करत आम्ही कोलाडला पोचलो. कागदावर. ठाण्याहून सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर, कुंडलिकेच्या काठी, राफ्टिंगसाठी प्रसिद्ध. काठावर बरेच कॅम्प आहेत, त्यातल्या काहींकडे मोठी गाडी उभी करायला जागा, विजेचं कनेक्शन आणि वापरता येतील अशी संडास-बाथरूम आहेत. लेकाला राफ्टिंग हवं होतं, नवऱ्याला गाडीतून उतरताच नदी हवी होती, मला स्वच्छ बाथरूम हवं होतं. सगळ्यांचं जमलं. बाबांनी फक्त विचारलं, “पावसाल्यानंतर त्या नदीला एवरां पानी येतां कुठून?”

आता ही कुंडलिकेची गोष्ट मला ह्या सगळ्या खटाटोपात सगळ्यात जास्त आवडलेली आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

कोकणातल्या नद्या जानेवारीपर्यंत हाडं दाखवायला लागतात. कुंडलिका मात्र रोज सकाळी फुगते. कारण तिच्यात वाहणारं बरंचसं पाणी तिचं नव्हेच. ते आहे मुळेचं. घाटावर मुळशीला टाटांचं धरण आहे. त्यातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून आणि कड्यावरून मोठाल्या नळांनी पाचशे मीटरहून जास्त खाली सोडतात आणि पायथ्याला भिऱ्याच्या वीजघरात त्यावर वीज करतात. वीजघर 1927 पासून चालू आहे. ज्या धरणासाठी मावळातली गावं बुडाली आणि सेनापती बापटांनी 1921 ते 1924 मुळशी सत्याग्रह केला, तेच हे धरण. मुळेचं पाणी खरं तर पुण्याहून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि मग बंगालच्या उपसागराला जायचं. ते इकडे वळवलंय, वीज करून झाल्यावर कुंडलिकेत उतरतं आणि रोहा, रेवदंड्यावरून अरबी समुद्राला मिळतं. म्हणजे आपण कोलाडला राफ्टमध्ये बसून किंचाळतो ते चुलत घराण्यातल्या पाण्यावर.

वीजघर चाललं की पाणी येतं, थांबलं की ओसरतं. राफ्टिंग सकाळीच का असतं, त्याचं हे कारण. 

हे सगळं मी बाबांना जेवताना सांगितलं. खाडीतल्या माणसाला रोज वर-खाली होणाऱ्या पाण्याचं काय नवल. भरती-ओहोटीचं गणित त्यांना अजून तोंडपाठ आहे. तिथीची पाऊणपट करायची, की मुंबईच्या किनाऱ्याला पूर्ण भरती किती वाजता ते कळतं. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. ठाण्याच्या खाडीत आतवर पोचायला आणखी थोडा वेळ धरायचा. भरती दुसऱ्या दिवशी पाऊण तास उशिरा, तिसऱ्या दिवशी आणखी पाऊण तास. पण ही नदी चंद्र बघत नाही, घड्याळ बघते, हे ऐकून त्यांचा हातातला घास थांबला.

“म्हंजे कंपनीची भरती,” ते म्हणाले. मग स्वतःशीच हसले. “ती मना ठावं हाय. सत्तर साली मी पन झालो व्हतो भरती.”

त्यानंतर सहल बाबांची झाली. आम्ही नुसते प्रवासी.

कॅम्पवाल्याला फोन लावला तो स्पीकरवर. पलीकडून नेहमीचं सुरू झालं. रिव्हर टच आहे, बार्बेक्यू आहे, रेन डान्स आहे. जानेवारीत रेन डान्स. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, “दादा, तुमच्या समोर नदीन दगर हायेत? सकाली पानी येतां तवा दगरावं ओली रेघ कुठंवर चरते?”

पलीकडे शांतता. मग, “काका, तसं कधी बघितलं नाही.”

“मंग जा नि बघा. आमी थांबतो.”

तो मुलगा खरंच गेला, बिचारा. व्हिडिओ कॉल करून त्याने दगड दाखवले. खाली काळपट ओला भाग, त्याच्यावर शेवाळाचा हिरवा पट्टा, त्याच्यावर पांढरा कोरडा दगड. बाबांनी मोबाईल नाकापाशी धरून बघितलं आणि त्याला कॅमेरा डावीकडे फिरवायला सांगितलं. तिथे नदी वळत होती आणि वळणाच्या आतल्या बाजूला पाणी जवळजवळ उभं होतं. “कोंड हाय,” बाबा म्हणाले. कोंड म्हणजे डोह. पाणी जोरात असतं तेव्हा मासा कडेला, झाडांच्या मुळ्यांत दबून राहतो. पाणी ओसरलं की कोंडात जमतो आणि संध्याकाळी खायला हलतो, असा त्यांचा अंदाज. शेवाळाची रेघ जिथे संपते तिच्या वर पुरुषभर उंचीवर गाडी. रेघेच्या खाली कोणी बसायचं नाही, आणि नदीच्या मधल्या दगडावर तर कोणीच जायचं नाही, पाय कोरडे राहत असले तरी. वर आभाळ निरभ्र असतं आणि पाणी गुपचूप येतं. नातवाकडून त्यांनी हे दोनदा वदवून घेतलं.

मासे धरायची परवानगी विचारली तर तो मुलगा म्हणाला, “टाका की गळ, कोण विचारतंय.” हे उत्तर बाबांना मुळीच पटलं नाही. कोणीतरी विचारणारं असतंच. त्या पट्ट्यात कातकरी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या नदीवर मासे धरतात, कोंड त्यांच्या ओळखीचे, जागा त्यांच्या ठरलेल्या. आधी वाडीवर जायचं, चहापत्ती-साखर घेऊन, आणि कुठे बसलो तर चालेल ते विचारायचं. मी एक्सेलमध्ये त्याप्रमाणे चहापत्ती अर्धा किलो, साखर दोन किलो लिहिलं. मत्स्यव्यवसाय खात्यातही फोन करून ठेवला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि गावात विचारून घ्या, असंच सांगितलं. बाबांनी माझ्याकडे फक्त बघितलं.

रस्त्यावर फार बोलत नाही. घोडबंदरहून सकाळी सहाच्या आत निघायचं. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून ही उंच गाडी घालायची नवऱ्याला धास्ती, म्हणून ऐरोली पूल, ठाणे-बेलापूर रस्ता, पनवेल, पळस्पे फाटा, कर्नाळा, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल जे आपण सगळे बोलतो तेच मीही बोलणार, तेव्हा राहू दे. एवढंच, की फ्रिजमध्ये अंडी न्यायची नाहीत असं ठरलंय.

शनिवारी रात्री आम्ही तालीम केली. म्हणजे इथेच, व्हिजिटर पार्किंगमध्ये, चौघेही गाडीत झोपलो. ही सूचना माझी. कॅम्पर घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन, की पहिली रात्र घराखाली काढा. जे काही बिघडायचं ते लिफ्टच्या अंतरावर बिघडू दे.

आमचं पार्किंग पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून जरा उताराचं आहे. चालताना कधी जाणवलं नव्हतं. झोपल्यावर मी हळूहळू नवऱ्याच्या अंगावर सरकत गेले आणि तो भिंतीवर. वरच्या बर्थवरून लेकाची उशी दोनदा खाली आली. फ्रिजचं दार आपसूक उघडलं. बाबा उठले, ओट्यावर स्टीलची थाळी ठेवली, तिच्यात तांब्याने पाणी ओतलं आणि टॉर्च धरला. एका कडेला पाणी काठाला टेकलेलं, दुसऱ्या कडेला बोटभर खाली. त्यांनी नवऱ्याला वॉचमनकडून फळकुटं आणायला लावलं. मागचं डावं चाक फळीवर चढवलं, पुन्हा थाळी बघितली, आणखी एक फळी, पुन्हा थाळी. रात्री साडेबाराला इंजिन चालू-बंद, चालू-बंद. तिसरा फोटो त्या वेळचा आहे. थाळीतलं पाणी चारही बाजूंनी सारखं झालं तेव्हाच बाबा आडवे झाले. नवऱ्याने मोबाईलवर लेव्हल बघायचं अ‍ॅप उतरवून ठेवलं होतं, ते उघडायचं त्याच्या लक्षातच आलं नाही.

बाकीचे धडे पटापट. पाण्याचा पंप नळ उघडला की असा घुरघुरतो की रात्री दोनला एकाने हात धुतला तर चौघे जागे. खिडक्या सगळ्या लावल्या तर काचांवर आतून दव धरतं आणि सकाळी मानेवर टपकतं, म्हणून दोन खिडक्या बोटभर उघड्या, त्यांना मच्छरदाणीची जाळी. जाळी वेल्क्रोने चिकटवायची, आमची डबल टेपने चिकटवलेली पहाटे माझ्या तोंडावर होती. आणि शंभर लिटर पाणी म्हणजे काहीच नाही. नववीतला मुलगा त्याच्या मते ‘नुसतं फ्रेश व्हायला’ गेला आणि टाकीचा काटा पावावर आला. तेव्हा आंघोळ कॅम्पच्या बाथरूममध्ये, टाकीचं पाणी फक्त हात, तोंड आणि भांडी. सिंकचं सांडपाणी वेगळ्या टाकीत साठतं. ती नदीकाठी उघडायची नाही, कॅम्पच्या शोषखड्ड्यापाशी नेऊन उघडायची. हे वाक्य मी लाल अक्षरांत लिहून सिंकवर चिकटवलंय.

टॉयलेटचा प्रश्न बाबांनी एका वाक्यात मिटवला. “जिथं जेवाचां तिथंच?” केमिकल, कॅसेट, वास येत नाही, परदेशात सगळे वापरतात, असं सगळं नवऱ्याने समजावून सांगितलं. बाबा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “जावय, तुमी जा.” त्यानंतर जावईही गेले नाहीत. ती कपाटाएवढी जागा तशीच रिकामी राहिली.

खाण्याचं जरा नाजूक आहे. मित्राची तिसरी अट. गाडीतल्या शेगडीवर चहा, पोहे, खिचडी एवढंच होणार. मासळीसाठी वेगळी छोटी शेगडी, वेगळा तवा, वेगळी कढई, आणि हे सगळं चांदणीखाली, म्हणजे गाडीच्या बाजूला जे कापडी छप्पर ओढून काढतात त्याच्याखाली. पण मासे मिळतील याची खात्री काय? नाही मिळाले तर म्हणून आई असती तर तिने जे केलं असतं तेच मी केलं, सुकट, सोडे आणि सुके बोंबील घेतले. त्यांचा वास पांढऱ्या गाद्यांना लागला तर मैत्री संपली. स्टीलचा डबा, डब्याला कणकेने लिंपलेलं झाकण, डबा बादलीत, बादलीवर फडका, आणि बादली गाडीच्या मागच्या शिडीला बाहेरून बांधलेली. पेण ओलांडेपर्यंत मागच्या गाड्यांना आमचा मेनू कळलेला असेल. बाबांना हे सगळं हास्यास्पद वाटतं. “मावऱ्याच्या गारीला मावऱ्याचा वास नको!”

नदीतले मासे ते खाणारच नाहीत, हे त्यांनी आधीच जाहीर केलंय. गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाची चव, असं आमच्याकडे सगळेच मानतात. मरळ असेल तर बघू, असं मात्र दबक्या आवाजात म्हणाले.

लेकाने गळाचा दांडा आणि रीळ ऑनलाइन मागवलं, व्हिडिओ बघून बघून गच्चीत फेकायची प्रॅक्टिस केली. पहिल्याच फेकीला तिसऱ्या मजल्यावरचा टॉवेल लागला. तो आम्ही इस्त्री करून परत दिला. बाबांचं सामान खिशात मावतं. औषधाच्या जुन्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस (गळाची नायलॉनची दोरी), शिशाचे चार तुकडे, काडेपेटीत सहा गळ. दांडा नाही. तंगूस तर्जनीवरून सोडायचा आणि बोटाने ऐकायचं, असं ते म्हणतात. ‘ऐकायचं’ हाच शब्द. त्यांनी नातवाला डायनिंग टेबलाशी बसवून तंगूस त्याच्या बोटावर ठेवला, दुसरं टोक स्वतःकडे घेऊन टेबलाखाली धरलं आणि डोळे मिटायला सांगितलं. एकदा टुक. “ही कोलंबी, चोरटी.” मग टुकटुकटुक. “खेकरा. कापून खातंय.” मग थोडा वेळ काहीच नाही, आणि एकदम सरळ ओढ. मुलाने डोळे उघडले. “ह्यो मासा. आता तू झोपलेला नको.” अर्धा तास हे चाललं होतं. मी कुकर लावायचा विसरले.

खाडीत आमिषाला कोलंबी असायची. नदीला गांडूळ आणि हिंग घालून मळलेल्या कणकेच्या गोळ्या, असं लेकाने शोधून काढलंय. हिंग ऐकून बाबा म्हणाले, “मासा काय अजीरन झालेला हाय?” पण डबी मात्र पिशवीत टाकली.

एक गोष्ट लेकाने यादीत स्वतः घातली. खडस लागला तर सोडायचा. खडस म्हणजे महसीर, मोठ्या खवल्यांचा, जोरकस. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवर कित्येक वर्षं त्याची पैदास करून पिल्लं सोडतं, हे त्याने वाचलं. मी आणखी थोडं शोधलं तर कळलं की ह्या दख्खनी महसीरची पहिली शास्त्रीय नोंद साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली केली, ती पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. म्हणजे पुन्हा मुळाच. तिचं पाणी आम्हाला कोलाडला भेटणार आहे, मासा भेटेल का ते माहीत नाही.

काल संध्याकाळी बाबा कोळीवाड्यातून रिक्षाने आले. हातात पिशवी नव्हती, खांद्यावर सिमेंटची जुनी गोणी होती. लिफ्टमध्ये सेक्रेटरी काका भेटले म्हणे, त्यांनी विचारलं काय आहे, तर हे म्हणाले, “मच्छरदानी.” हॉलमध्ये गोणी उपडी केली तर पाग. आजोबांच्या हातची नव्हे, ती केव्हाच गेली. ही बाबांनी स्वतः विणलेली, कंपनीत असताना, सेकंड शिफ्टहून येऊन रात्री बसायचे तेव्हाची. मला ते आठवतं. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून, हातात लाकडी सुई घेऊन. कडेला शिशाचे मणी ओवलेले, आता राखाडी झालेले. तीन ठिकाणी उंदराने कुरतडलेली होती, तिथे नवा पांढरा दोरा दिसतो. म्हणजे गेले आठ-दहा दिवस ते हेच करत होते आणि फोनवर मला गुडघे दुखतात म्हणून बाहेर पडत नाही असं सांगत होते.

मी म्हटलं, “बाबा, आपलं गळाचं ठरलंय. जाळं टाकायचं तर वाडीवर विचारायला लागेल.”

“टाकाची नाय. नुसती नेतंय.”

नवऱ्याने एक शब्द काढला नाही, ह्याबद्दल त्याला मी आयुष्यभर काही गोष्टी माफ करणार आहे. तो गोणी उचलून खाली गेला, आम्ही मागोमाग. गाडीत जागा कुठली. बर्थखाली कपडे, ओट्याखाली किराणा, छपरावर खुर्च्या. मागच्या शिडीला बांधू म्हटलं तर बाबा म्हणाले, धूळ बसेल, आणि बोंबलाच्या वासाने कुत्री आली तर पाग फाटेल. मग त्यांनीच टॉयलेटचं दार उघडलं. आत टॉवेलसाठी एक भक्कम हूक आहे. पागेची शेंडी त्या हुकाला लावली, घेर नीट गोळा करून खाली सोडला, शिशाचे मणी कमोडच्या झाकणावर टकटकत बसले. दार लावून बघितलं, बसलं. उघडून बघितलं, पुन्हा लावलं.

वर येऊन मी शीट उघडली आणि ‘टॉयलेट’ होतं तिथे ‘पाग’ लिहिलं. पाग जुनी आहे, वीसेक वर्षांपूर्वीची खाडी तिच्यात अजून आहे. दार बंद असतानाही सीटवर बसलं की कळतं. मित्राची अट मात्र शिजवण्यापुरतीच होती.